जुन्या ब्लॉकात नवा पिस्टन

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. पुणे-बंगळूर महामार्गावरून चाफळला, तारळ्याला, मसूरला, पाटणला जाणाऱ्या वाटाही इथेच फुटतात. पाणी, काळी जमीन, ऊस आणि रहदारी एका जागी आली की मागोमाग इंजिन येते आणि इंजिनामागोमाग ते बांधणारा मिस्त्री. दसरा झाला की या टापूतल्या वर्कशॉपांच्या दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून इंजिने उतरायला लागतात. गुऱ्हाळे पेटायच्या आत चरकाचे इंजिन धडधाकट हवे असते. गेल्या हंगामात ऑइल प्यायलेले, काळा धूर ओकणारे, हँडल मारून मारून माणसाला घाम फोडणारे, अशी सगळी दुखणी दिवाळीच्या तोंडावर एकदम पुढ्यात येतात.

असे एखादे इंजिन खोलून बाकड्यावर मांडलेले निरखून पाहावे. ब्लॉक पन्नास वर्षांपूर्वीचा. लायनर आणि पिस्टन त्याच कंपनीचे, पण बऱ्याच नंतरच्या मालातले. हेड राजकोटचे. क्रँक दोनदा ग्राइंड झालेला, म्हणून त्यावरच्या बेअरिंगा अंडरसाइज. फ्लायव्हील कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या इंजिनाचे. कारखान्यातून निघाले तेव्हा यातली निम्मी सामग्री त्याच्या अंगावर नव्हती. तरीही ते चरक ओढते, हंगामभर ओढते.

याला जुगाड म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे भांडण आहे. जुन्या इंजिनात नवा भाग बसवणे हे मापाचे काम आहे, आणि जिथे माप चुकवले जाते तिथेच ते फसते. नवा भाग कधी एकटा येत नाही. तो आपले वजन, आपली फट, आपला जोडीदार आणि आपली तेलपाण्याची गरज बरोबर घेऊन येतो. ही सगळी बिऱ्हाडे जुन्या घरात सामावतील का, हे आधी पाहावे लागते. चांगल्या मिस्त्रीचे निम्मे कसब या पाहण्यातच असते.

*

सातारा-सांगलीत हे कसब रुजायला मोठा इतिहास आहे. साताऱ्याजवळ पाडळीला, म्हणजे सातारा रोड स्टेशनाशी, धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. शेतीच्या लोखंडी अवजारांवरून तो ऑइल इंजिनांवर गेला, आणि देशात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याचे नाव घेतले जाते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९४० मध्ये सातारा रोडचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. खाली सांगलीच्या बाजूला, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या उजाड माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये बेळगावहून आपले बिऱ्हाड आणले. किर्लोस्करवाडीतून नांगर निघाले, उसाचे चरक निघाले, पंप निघाले. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली.

म्हणजे ज्या चरकात इथला ऊस पिळला जात होता तो चरक, ज्या पंपाने कृष्णेचे पाणी मळ्यात चढत होते तो पंप आणि दोन्ही फिरवणारे इंजिन, तिन्ही शे-दीडशे किलोमीटरच्या आत घडत होते. ओतशाळेत, लेथवर, जुळणीच्या विभागात गावोगावची पोरे कामाला लागली. त्यातली कितीतरी गावी परतली आणि त्यांनी स्वतःचा लेथ टाकला. आज महामार्गालगत दिसणाऱ्या वर्कशॉपांचे कूळ शोधत गेले की पुष्कळदा ते अशाच एखाद्या कारखान्याच्या दारात जाऊन थांबते.

१९६२ नंतर कोयनेची वीज वाहू लागली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ऑइल इंजिनाचे दिवस भरले असे वाटू लागले. भारनियमनाने तो अंदाज खोटा पाडला. दोन हजार सालानंतरच्या दशकात लाइट तासन्‌तास जायची, पिके डोळ्यांदेखत वाळायची, तेव्हा शेडाच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली इंजिने लोकांनी पुन्हा बाहेर काढली. तोवर त्यांचे मूळ सुटे भाग दुकानांतून गेलेले होते. जुन्या-नव्या भागांच्या मिसळीचा खरा जोर तिथून वाढला.

*

किर्लोस्करचे एव्ही-१ घ्या. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ती. इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या एव्ही-१ ची मापेही तीच आणि नावही तेच. त्याच घरातले टीव्ही-१ पाहा. स्ट्रोक तोच ११०, बोअर मात्र ८७.५. त्यामुळे ५५३ घनसेंटिमीटरचे ६६१ होतात. मेकॅनिकल शिकलेल्या बहुतेक मराठी मुलांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्या इंजिनाची चाचणी घेतलेली असते ते हेच. स्ट्रोक एक आहे म्हणून एकाचा माल दुसऱ्यात जाईल, असा मोह शिकाऊ पोराला होतो. पण स्ट्रोक जुळला तरी बाकी बरेच उरते. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेची जाडी, पिनेपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, रॉडची लांबी, माथ्यावरच्या वाटीची खोली. यातले एक जरी हुकले तरी इंजिन एकतर हेडला ठोकते, नाहीतर थंडीत पेटत नाही.

पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीकडे तर फार बारकाईने बघावे लागते. काही इंजिनांत जळणाची खोली हेडातच कोरलेली असते आणि त्यांचा पिस्टन जवळपास सपाट असतो. काहींत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि जाळ पिस्टनच्या वाटीत होतो. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचे १९३० च्या सुमाराचे कमी फेऱ्यांचे इंजिन राजकोटच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे घडवले. जुन्या घडणीतली आणि डिझेल थेट फवारणारी, अशी दोन्ही तऱ्हांची इंजिने त्या घराण्यात आहेत. बाहेरून पाहिले तर भाऊ-भाऊ. एकाचे हेड आणि दुसऱ्याचा पिस्टन एकत्र केला की बोल्ट सगळे बसतात, आणि इंजिन मात्र कधीच सुधारत नाही. बोल्ट बसला म्हणजे भाग बसला, अशी समजूत करून घेतलेल्या किती गिऱ्हाइकांचे पैसे पाण्यात गेले असतील, याचा विचार केला की वाईट वाटते.

हे टाळायचा उपाय अगदी साधा आहे. उंब्रजजवळच्या एका वर्कशॉपात मी तो हाताच्या अंतरावरून पाहिला. एक उभे, एका सिलिंडरचे जुने इंजिन बांधायला काढले होते. ब्लॉक जुना, पिस्टन नव्या मालाचा. मिस्त्रीने शिशाच्या तारेचे चार तुकडे केले, बोटभर ग्रीस घेऊन ते पिस्टनच्या माथ्यावर चार बाजूंना चिकटवले, वाटीच्या आणि व्हॉल्व्हच्या जागा सोडून. मग गॅस्केट ठेवून हेड चढवले आणि नट पान्याने समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने आवळले. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून सावकाश एक फेरा दिला. वरच्या टोकाला येताना फ्लायव्हील जरा जड झाले आणि पुढे गेले. पुन्हा हेड उतरवले. तारा आता चपट्या झाल्या होत्या. त्याने एकेक उचलून मायक्रोमीटरमध्ये धरली.

ज्यांचे इंजिन होते ते आबा बाकड्यावर बसून होते. “किती आलं?”

“दीड आलंय, आबा. लई झालं. एकाच्या आसपास पायजे.”

“म्हंजे दुकानदारानं पिस्टन चुकीचा दिला का?”

“पिस्टन चांगला हाय. नव्या मालाचा हाय, त्याचा माथा खाली ऱ्हातोय. ब्लॉकखालचं पॅकिंग कमी करतो, मग बगा.”

त्याने ब्लॉक उचलला, खालच्या पातळ पत्र्यांच्या थरातून काही काढले, आणि तार पुन्हा चेपली. चारही तुकड्यांची जाडी त्याने अलग अलग लिहून घेतली, कारण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आले तर ब्लॉक तिरका बसलाय किंवा रॉड वाकलाय हे तिथेच कळते. शिशाची तार आणि मायक्रोमीटर एवढ्यावर निघणारे हे निदान आहे.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते, असे कुणाला वाटेल. टीव्ही-१ वर हिशेब करून पाहू. त्याचे कॉम्प्रेशन १७.५ ला १. म्हणजे ६६१ अधिक माथ्यावरची ४०, मिळून सुमारे ७०१ घनसेंटिमीटर हवा पिस्टन वर आल्यावर त्या ४० घनसेंटिमीटरच्या जागेत कोंडली जाते. ८७.५ मिलिमीटर बोअरला गॅस्केट ०.३ मिलिमीटरने जाड पडले तर ही जागा जवळजवळ १.८ घनसेंटिमीटरने वाढते आणि कॉम्प्रेशन १६.८ वर येते. ०.५ मिलिमीटरने ते १६.३ च्या आसपास उतरते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच जळण पेटते. कार्तिकातल्या पहाटे कृष्णाकाठी धुके असताना हँडल मारणाऱ्या माणसाला हा दशांशातला फरक दंडात कळतो.

*

पिस्टनच्या धातूचा प्रश्न याहून अवघड आहे. जुन्या, कमी फेऱ्यांच्या इंजिनांत बिडाचे पिस्टन असत. आता मिळतात ते अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे. बीड तापले की थोडे फुगते, अॅल्युमिनिअम जवळपास दुप्पट. ८७.५ मिलिमीटरचा गोल १५० अंशांनी तापला तर बिडाचा व्यास ०.१४ मिलिमीटरच्या आसपास वाढेल, अॅल्युमिनिअमचा पाव मिलिमीटरहून जास्त. बिडाच्या पिस्टनसाठी ठरलेल्या जुन्या फटीत अॅल्युमिनिअमचा पिस्टन घातला तर तासाभराच्या पूर्ण बोजात तो लायनरला धरतो आणि इंजिन जाम होते. म्हणून नव्या पिस्टनसाठी नव्या पिस्टनचीच फट ठेवायची, जुनी मापे तिथे उपयोगी नाहीत. थंड असताना पिस्टन थोडा खडखडला तरी चालेल, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागते. त्याला आवाज नको असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. अॅल्युमिनिअम बिडाच्या निम्म्याहून हलके. पिस्टन वरखाली हिसके देतो ते काही अंशी थोपवण्यासाठी क्रँकवर किंवा फ्लायव्हीलमध्ये उलट बाजूला वजन ठेवलेले असते, आणि ते मूळ पिस्टनच्या वजनावरून ठरलेले असते. पिस्टन हलका झाला की तेच उलटे वजन आता जास्त होते. लिस्टरच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनात मिनिटाला ६५० फेऱ्या आणि १३९.७ मिलिमीटर स्ट्रोक. तिथे १ किलोचा फरक राहिला तर दर फेऱ्याला सुमारे ३३ किलोचा धक्का पायाला बसतो. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात ११० मिलिमीटर स्ट्रोकला १०० ग्रॅमचा फरकही १४ किलोचा धक्का देतो. इंजिन काँक्रीटच्या पायावरून सरकायला लागते, बोल्ट ढिले होतात, डिझेलची नळी चिरते. मालक म्हणतो पाया कच्चा आहे. पाया पक्का असतो, पिस्टनचे वजन कुणी केलेले नसते. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा या कामाला पुरतो. वर्कशॉपात तो हवाच, असे माझे ठाम मत आहे.

*

वजन आणि फट यांचा हा खेळ जगात सगळ्यात कडक कुठे खेळला जातो, तर रोटरी इंजिनात. यात वरखाली होणारा पिस्टनच नसतो. कमरेत आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याची तीन टोके भिंतीला सतत टेकून राहतात. फेलिक्स व्हँकेल या जर्मन संशोधकाच्या नावाने ते ओळखले जाते. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६४ मध्ये ते पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत घातले. १९६७ च्या तिच्या आरओ-८० या गाडीत मात्र रोटरच्या टोकांच्या पट्ट्या इतक्या झिजल्या की बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली. जपानच्या माझ्दाने मात्र चिकाटी सोडली नाही. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांना पोकळीच्या भिंतीवर ओरखड्यांच्या लाटा दिसत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीचा धातू आणि घडण बदलत बदलत त्यांनी १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट गाडी बाजारात आणली, १९७८ मध्ये आरएक्स-७, आणि १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

आरएक्स-७ च्या १३बी इंजिनाचे जगभर शौकीन आहेत, आणि जुन्या १३बी मध्ये नंतरच्या वर्षांचे भाग घालणे हा त्यांचा नेहमीचा उद्योग. बाहेरून सगळे १३बी एकाच मापाचे. प्रत्येक रोटरला ६५४ घनसेंटिमीटर, रोटरची जाडी ८० मिलिमीटर. आत मात्र वर्षागणिक फरक. १९८५ पर्यंत टोकाची पट्टी ३ मिलिमीटर जाड, १९८६ पासून २ मिलिमीटर. जुन्या रोटरच्या रुंद खाचेत नवी पातळ पट्टी टिकणार नाही. नव्या रोटरमध्ये जाड पट्टी घालायची तर खाच कापून रुंद करावी लागते. टर्बोच्या रोटरचे कॉम्प्रेशन आधी ८.५ आणि १९८९ पासून ९.०, बिनटर्बोच्यांचे ९.४ आणि ९.७, आणि २००३ मध्ये आलेल्या आरएक्स-८ चे १०. नंतरचे रोटर हलके, म्हणून शाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची तोलाची वजनेही त्याच वर्षाची घ्यावी लागतात. नुसते रोटर बदलले आणि वजने जुनीच ठेवली तर काय होते, त्याचा हिशेब आपल्या उंब्रजच्याच रीतीने करता येतो. रोटरचे केंद्र शाफ्टच्या मध्यापासून १५ मिलिमीटरवर फिरते. ७००० फेऱ्यांना १०० ग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे ८२ किलोची ओढ, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा दिशा बदलणारी. गुऱ्हाळाच्या इंजिनात बोल्ट ढिले होतात. इथे बेअरिंगच जाते.

दोन्हीकडचे एक साम्य मला फार आवडते. १३बी च्या पोकळीच्या भिंतीला कडक क्रोमचा मुलामा असतो आणि तिच्यावर घासणारी पट्टी बिडाची असते. आपल्याकडे पिस्टनच्या रिंगांतही हाच नियम पाळतात. क्रोमचा मुलामा दिलेला लायनर असेल तर रिंग साधी घ्यायची, आणि रिंग क्रोमची असेल तर लायनर साधा. कडक धातूवर कडक धातू घासला की दोघेही एकमेकांना खातात. 'भारी लायनर, भारी रिंग' असे म्हणून दोन्हीकडे क्रोम घालणारा माणूस पैसे जास्त देऊन इंजिन लवकर संपवतो. उंब्रजच्या वर्कशॉपातला नियम आणि माझ्दाच्या हिरोशिमातल्या कारखान्यातला नियम इथे एक आहे, कारण धातू तोच आहे.

रोटरी इंजिनाशी महाराष्ट्राचा थेट संबंधही आहे. 'निशांत' हे वैमानिकाविना टेहळणी करणारे भारतीय विमान आधी आयात केलेल्या रोटरी इंजिनावर उडत असे. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि बंगळूरच्या एनएएल व एडीई या संस्था यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे देशी व्हँकेल इंजिन घडवले, आणि एप्रिल २००९ मध्ये ते घेऊन निशांत उडाले. विमानाचा सांगाडा जुना, इंजिन नवे. अशा ठिकाणी अश्वशक्ती जुळली एवढ्यावर भागत नाही. वजन कुठे पडते, हादरे किती आहेत, इंजिन थंड कसे राहते, इंधन कुठून येते, हे सगळे पुन्हा बसवावे लागते.

*

उंब्रजकडे परत येतो. इथे इंजिन म्हणजे एकटे शेतीचे नव्हे, वडापच्या जिपांचेही. महिंद्राच्या जिपांत निरनिराळ्या काळी निरनिराळी डिझेल इंजिने आली. पूजो घराण्याचे २११२ घनसेंटिमीटरचे, त्याचेच मोठे २४९८ चे, आणि २५२३ चे एमडीआय. हे तिसरे मूळचे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातले, बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. ट्रॅक्टरच्या गावात ट्रॅक्टरच्या वंशाचे इंजिन असलेली जीप दुरुस्त करणे मिस्त्रीला घरचे काम वाटले यात नवल नाही. डोंगरातल्या वाड्यांकडे माणसे भरभरून नेणाऱ्या त्या जिपांत किती इंजिने बदलली गेली, याची नोंद आरटीओच्या पुस्तकात पुरती सापडेल असे नाही. जिपेत सवारी बसते. त्यामुळे तिथे मिसळ करताना इंजिनाच्या जोराबरोबर ब्रेकचाही विचार व्हावा, हे आवर्जून सांगतो.

बेअरिंगांचा विषय थोडक्यात. जुन्या मंद इंजिनांत बऱ्याच ठिकाणी व्हाइट मेटल ओतून बेअरिंग केलेले असे. मऊ धातू. ऑइलमध्ये कचकच आली तरी ती पोटात घेई आणि क्रँक वाचवी. रॉडच्या टोकाचा चमचा ऑइल उडवी, त्यावर सगळे भागे. नवी शेल बेअरिंग जास्त बोजा सोसते, पण तिला दाबाने येणारे स्वच्छ ऑइल लागते आणि क्रँकही कडक लागतो. ऑइलपंप आणि फिल्टर नसलेल्या इंजिनात नुसती शेल बसवून 'मॉडर्न' केल्याचे समाधान फार दिवस टिकत नाही. लायनरचेही तसेच. भोवती पाणी खेळते तो लायनर ब्लॉकच्या तोंडापासून केसभर वर राहावा लागतो. जुन्या ब्लॉकची बैठक गंजून खाली गेलेली असेल तर नवा कोरा लायनरही खाली बसतो, गॅस्केट दबत नाही, आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. मग दोष लायनरला दिला जातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला. अशा पुरात बुडालेले इंजिन पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याची घाई माणसाला होते. सिलिंडरात पाणी असेल तर ते दबत नाही, रॉड वाकतो. नोझल काढून, हेड उतरवून, गाळ धुऊन, मगच हँडलला हात लावायचा. पुरानंतर जोडलेल्या इंजिनांत मिसळ अटळ असते, कारण एकदम इतके भाग कुठलेच दुकान देऊ शकत नाही.

दुकानांबद्दल माझी एक तक्रार आहे. एकदा ओळखीच्यांसाठी आणलेल्या 'पूर्ण सेट'च्या खोक्यात पिस्टन एका मालाचा आणि रिंगा दुसऱ्याच मालाच्या निघाल्या. खोके छान, छपाई छान, आणि रिंग खाचेत उभीच राहीना. बाहेरून बनून येणाऱ्या मालाला सरसकट नावे ठेवायची नाहीत. राजकोटच्या मालाने या देशातली लाखो एकर जमीन भिजवली आहे. पण खोक्यावर कुठल्या इंजिन नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत हा भाग चालतो ते छापायला काय हरकत आहे? कंपन्यांच्या भागांच्या यादीत ते असते. अमुक नंबरपासून पुढे पिन जाड केली, तमुक नंबरपासून पॅकिंग बदलले. म्हणून तर मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “नंबर काय?” मालकाला तो ठाऊक नसतो. पट्टी रंगाखाली गेलेली असते किंवा कुणीतरी काढून नेलेली असते.

त्या नंबराच्या जागी आज उभी आहे मिस्त्रीची वही. ऑइलच्या डागांनी पारदर्शक झालेल्या पानांवर कुठल्या ब्लॉकात कुठला पिस्टन घातला, किती पॅकिंग ठेवले, रिंगेची फट किती दिली, पुढल्या हंगामात काय तक्रार आली, असे सगळे असते. कंपन्यांनी बंद केलेल्या इंजिनांचे खरे ज्ञान आता या वह्यांत आहे, आणि त्या वह्यांचे मालक साठी-सत्तरीत आहेत. कराडच्या, साताऱ्याच्या आयटीआयतल्या मुलांना या वह्या उतरवून घ्यायचे काम प्रोजेक्ट म्हणून द्यावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक कॅमेरा, एक मायक्रोमीटर आणि मिस्त्रीशेजारी हंगामभर बसायची तयारी लागते. ज्या कंपन्यांनी ही इंजिने विकली त्यांनी जुन्या मॉडेलांच्या मापांच्या याद्या मराठीत खुल्या कराव्यात. शेतकऱ्याने एकदा घेतलेले यंत्र त्याने हयातभर वापरायचे ठरवले तर त्याला मापे तरी मिळायला हवीत.

आबांचे इंजिन संध्याकाळी सुरू झाले. आधी हँडलला नकार, मग दोन-तीन खोकले, मग ठोका लागला. मिस्त्रीने हाताचा पंजा हेडजवळ धरला, धुराचा रंग पाहिला, गव्हर्नर खाली-वर करून पाहिला आणि पाणी चालू आहे ना ते बघितले. मग आबांना जवळ बोलावून त्याने सांगितले, “आबा, पयलं आठ दिवस निम्म्या बोजावर चालवा, चरकात ऊस कमी घाला. रिंगा बसायला टाइम लागतोय. आठ दिसांनी मी येतो, हेडचं नट परत आवळायचं हाईत आन्‌ टॅपेट बगायचं हाईत. आन्‌ त्या वक्ताला जे ऑइल काढू ते टाकून देऊ नका. बाटलीत भरून ठिवा. त्यात काय चमकतंय का, ते मला बगायचंय.”